गट ऑफिसची जीप की फौजी जिप्सी: दोन्ही पाळून झाल्यावर

मागच्या महिन्यात आष्ट्याचा एक पोरगा गाडी बघायला आला आणि म्हणाला, काका, महिंद्राची एमएम ५४० जीप घेऊ का मारुतीची जिप्सी, एकच काय ते सांगा. मी त्याला तासभर सांगत बसलो. जाताना म्हणतो, "म्हणजे दोन्ही चांगल्याच हायत की." तासभर बोलून मी त्याला जिथनं आला होता तिथंच नेऊन सोडलं, म्हणून म्हटलं आता नीट लिहूनच काढू. जीप मी चौदा महिने वापरली, जिप्सी वापरून दोन वर्षं होऊन गेली, तेही सातारा, सांगली, कोल्हापूर एवढ्यातच, त्यामुळं लडाखचं वगैरे मला विचारू नका.

दोन्ही पाट्यांवरच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्या, दोन्हींना फोर बाय फोर, दोन्हींना एसी नाही, दोन्ही आता नवीन मिळत नाहीत, हे तुम्हाला माहिती असणारच, नसतं तर तुम्ही सरळ शोरूमला गेला असता. थार घ्या, जिम्नी घ्या म्हणणारे पण भेटतील, मलाही भेटले, आणि चुकीचं नाही सांगत ते. नव्या थारमध्ये मी बसलोय, चांगलीच गाडी आहे. पण ती मला लहानपणी दिसलेली नाही. विषय संपला.

माझं गाव वाळवा तालुक्यात. वडील, आम्ही तात्या म्हणतो, साखर कारखान्याच्या गट ऑफिसला चिटबॉय होते. उसाच्या लागणीच्या नोंदी घ्यायच्या, सीझन लागला की तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, आणि वर्षभर शिव्या खायच्या. शेतकी ऑफिसरला जीप होती. ८८-८९ सालची गोष्ट, तेव्हा गावात चारचाकी म्हणजे वडापाच्या, म्हणजे सीट भरून माणसं नेणाऱ्या, दोन गाड्या आणि डॉक्टरांची फियाट, बास. जीप पाणंदीत शिरली की आधी आवाज यायचा, मग धुरळा दिसायचा, मग जीप, आणि आम्ही पोरं पाचटाच्या ढिगावरनं उड्या टाकून तिच्यामागं पळत सुटायचो, मागच्या फळीला दहा पावलं लटकायला मिळालं तरी दुसऱ्या दिवशी शाळेत भाव. तात्या मागच्या बाकड्यावर असायचे, मांडीवर नोंदवही, कानावर पेन्सिल. पुढं साहेब. मला पाच-सहा वर्षं असंच वाटायचं की जीप तात्यांचीच आहे, साहेब फक्त पुढं बसायला येतात.

जिप्सीचं वेगळं. आजोळ साताऱ्याकडं, अपशिंग्याला. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण तिथं अजून जपलेली आहे आणि फौजी नाही असं घर शोधावं लागतं. मामा पण फौजी. दहावीच्या सुट्टीत तिथं असताना कसल्याशा कार्यक्रमाला कुणी मोठा अधिकारी आला होता, हिरवी जिप्सी, नंबरच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण, आणि ड्रायव्हर लिंबाच्या सावलीत उकिडवा बसून चिंधीनं टायरचं फक्त रबर पुसत होता, बॉडीला हात लावत नव्हता. मी तिथं अर्धा तास उभा. मला नवल कशाचं वाटलं तर ती गाडी आली कधी ते कळलंच नाही. माझ्या डोक्यात तोपर्यंत गाडी म्हणजे आधी आवाज.

असो. २०२१ ला घराचं लोन फिटलं आणि २०२२ ला जीप घेतली, कारण पहिलं प्रेम ते पहिलं प्रेम. १९९१ चं मॉडेल, प्यूजो डिझेल इंजिन, ३ लाख १० हजार, कोल्हापूरकडनं. वर हूड, वायरिंग, रेडिएटर धरून ऐंशी हजार अजून गेले, ते घरात सांगताना चाळीस सांगितले होते, आता काय लपवायचं. जिप्सी नंतर २०२३ च्या शेवटाला, साताऱ्यातल्या एका रिटायर सुभेदारांकडनं, २००२ ची किंग, इंजेक्शनवाली, ४ लाख ४० हजार. हे भाव माझे, तुम्हाला वेगळे सांगतील, आणि जिप्सीचे तर दर सहा महिन्याला वेगळे सांगतात, गाडी जुनी होईल तशी महाग होत जाणारी ही एक जात आहे.

आधी जीपचं चांगलं सांगतो, कारण तिच्यावर अन्याय नको.

चिखल. आमचं खालचं रान काळं, वळवाचा एक पाऊस झाला की बूट रानात राहतो आणि पाय वर येतो. तिथं जीप फोर बाय फोरच्या लो मध्ये टाकायची, दुसरा गिअर, आणि ॲक्सिलरेटरवरनं पाय काढून घ्यायचा. खरंच, काढूनच घ्यायचा. ती आपली म्हशीसारखी एका लयीत बाहेर येते. जिप्सी पण येते, पण तिला पळवावं लागतं, रेस द्यावी लागते, चाकं फिरतात, चिखल टपावर जातो, क्लचचा वास येतो आणि बाहेर आल्यावर माणसालाच धाप लागते. जीपला नुसतं सोडावं लागतं. यात जीप वरचढ, मी मान्य करतो, ज्याला खरोखर रानातच गाडी घालायची आहे त्यानं इथंच वाचायचं थांबवलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. जीपला स्पेशल मेकॅनिक लागत नाही, ट्रॅक्टरचं काम करणारा कुठलाही माणूस पाना घेऊन आडवा होतो. माझ्या जीपच्या इंजिनाचं हेड गेलं तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी दिलं, संध्याकाळी प्लेन करून हातात. जिप्सीचं इंजिन सेन्सरवालं, त्यामुळं सेन्सर गेला की कुणाला कळत नाही काय गेलंय, सगळे एकेक प्लग काढून बघतात, पुसतात आणि परत लावतात. एकदा पेठ नाक्यावर बंद पडली तर तिघांनी तीन कारणं सांगितली आणि चौथ्यानं, पानपट्टीवाल्यानं, बॅटरीची क्लिप हलवून चालू करून दिली. पार्ट मात्र जिप्सीचे अजून मिळतात, म्हणजे सिव्हिलमध्ये विक्री थांबल्यावरसुद्धा २०२० ला खास सवलत देऊन लष्कराला नव्या जिप्स्या गेल्या होत्या, एवढं पार्टचं चक्र अजून फिरतंय.

लोकांचं बोलायचं तर दोन्ही गाड्यांना वेगवेगळा त्रास. जीप घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी विचारलं, "वडाप लावताय का?" त्यातले दोघं खरंच बसायला आले होते, एकानं तर इस्लामपूरला उतरताना वीस रुपये काढून दिले, मी घेतले पण. जिप्सी घेतल्यापासनं वेगळंच, नाक्यावर तिब्बल सीट बसलेली पोरं लांबनं गाडी बघून गल्लीत वळतात. पोलिसाची वाटते. मला यात मजा येते हे कबूल करतो.

पाट्यांचं म्हणाल तर दोघी सारख्याच निर्दयी, पण जिप्सी जास्त. ती हलकी, टनभराच्या आतबाहेर, त्यामुळं मोकळी असली की मागनं उडते. मागच्या आडव्या बाकड्यावर बसलेला माणूस स्पीडब्रेकरला टपाला डोकं टेकवून खाली येतो. आमच्या घरच्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हिच्यात मी मागं बसणार न्हाई, एवढं लिहून घ्या." लिहून घेतलंय. त्यामुळं सगळं कुटुंब घेऊन फिरायला म्हणून यातली कुठलीच घेऊ नका, त्यासाठी आमच्याकडं साधी कार आहे आणि ती तशीच राहणार.

आता पैशाचं पटकन. थर्ड पार्टीचा दर सीसीवर असतो, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७, हे २०२२ ला ठरलेले आकडे, वर जीएसटी. जिप्सी किंग १२९८ सीसी, जीप २११२. म्हणजे जीप दारात नुसती उभी राहून दुपटीपेक्षा जास्त खाते. पासिंग दोघींनाही दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर भरायचा, आणि २० वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासनं १०,००० झालीय, आधी ५,००० होती. नवी नंबरप्लेट पण लावायला लागतेच, जीपचा जुना पिवळ्या रंगानं हातानं रंगवलेला नंबर गेला याचं मला अजून वाईट वाटतं. डिझेल-पेट्रोलचा हिशोब मी ठेवत नाही. ठेवला तर गाडी विकावी लागेल. पण अंदाज म्हणून, घाटात जिप्सी नऊ-दहा देते, जीप त्यापेक्षा बरी.

आणि पेट्रोलवरनं एक आठवलं. हल्ली पंपावर ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल म्हटलं की आमच्या भागात ऊसच, म्हणजे तात्यांनी आयुष्यभर ज्या रानांच्या नोंदी घेतल्या तिथलाच ऊस आता माझ्या टाकीत येतोय असं म्हणायला हरकत नाही. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग पैसं कशाला देतोस?" पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलसाठी केलेले नसतात, फुगतात, भेगाळतात, शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, गाडी महिना-महिना उभी ठेवली की टाकीत ओल धरते. मी सगळे पाइप बदलून घेतले, साडेतीन हजारात काम झालं, ते झाल्यापासनं त्रास नाही. जीप डिझेलवर, तिला ही भानगडच नाही. परत एकदा जीप वर.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस जीपच घ्या म्हणणार. मलाही वाटलं होतं, चौदा महिने वाटत होतं.

झालं असं की जीप मुळात मी तात्यांसाठी घेतली होती. म्हणजे नाव त्यांचं, हौस माझी, पण विचार असा होता की रविवारी सांगलीतनं निघायचं, आष्ट्यावरनं गावाकडं जायचं, आणि ज्या रानांतनं ते बाकड्यावर बसून फिरले तिथनं त्यांना पुढं बसवून फिरवायचं. त्यांचं वय आता ७९. रस्त्यानं जाताना त्यांना प्रत्येक रान माहितीय, कुणाचं, कधी वाटण्या झाल्या, आडसाली कुणाची चांगली यायची, खोडव्यावर खोडवा कोण घ्यायचा. हे सगळं त्यांच्या तोंडनं ऐकायचं असं माझं साधं स्वप्न.

पहिला रविवार. सांगली सोडली, ४५-५० चा स्पीड, तात्यांनी डावीकडं बोट केलं आणि काहीतरी म्हणाले.

मी म्हटलं, "हां?"

ते परत म्हणाले. मी परत "हां?" तिसऱ्यांदा ते ओरडून म्हणाले तेव्हा मला "विहीर" एवढं कळलं, तोपर्यंत विहीर एक किलोमीटर मागं गेली होती. मग मी काहीतरी विचारलं, तर ते "हां?" मी परत विचारलं. त्यांनी हात हलवला, काही नाही म्हणून. आणि गावापर्यंत दोघं समोर बघत बसलो, पंढरपूरच्या यष्टीत बसल्यासारखे.

आता जुनं डिझेल इंजिन म्हटल्यावर आवाज असणारच, मी काही तो दोष म्हणत नाही, तो त्या इंजिनाचा स्वभाव आहे, आणि ३१ वर्षांच्या गाडीत तो वाढलेलाच असणार. पुढं एकपदरी पत्रा, त्याच्या पलीकडं इंजिन, वर कापड, दार नावापुरतं. लहानपणी तोच आवाज ऐकून पळत सुटायचो, त्याच आवाजाचे पैसे मोजले, आणि आता तोच नको झाला. मी उपाय केले. खाली रबराची मॅट टाकली, पत्र्याला आतनं फोम चिकटवला, गिअरच्या दांड्यापाशी चामड्याची टोपी शिवून घेतली, मिरजेतनं नवीन सायलेन्सर बसवला. अकरा हजार गेले. त्यातनं इंजिनाचा आवाज जरा कमी झाला, आणि तो कमी झाला तसा गिअरबॉक्सचा ऐकू यायला लागला. तो पण कमी केला असता तर टायरचा आला असता, ते मोठ्या गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर भुंग्यासारखे घुमतात.

तात्यांना कानाचं मशीन आहे. ते मशीन जीपमध्ये घातलं की माणसाच्या आवाजाबरोबर इंजिनाचा पण मोठा होतो. त्यामुळं जीपमध्ये चढायच्या आधी ते मशीन काढून डबीत ठेवायचे, डबी सदऱ्याच्या खिशात, वरनं हात दाबून बघायचे आणि मग चढायचे. हे मी चार-पाच रविवार बघितलं. माणूस गाडीत बसायच्या आधी कान काढून ठेवतोय आणि मी त्याला फिरवायला नेतोय.

मग मी ३० च्या स्पीडनं चालवून बघितलं. ३० ला थोडं बोलता येतं. पण ३० ला उसाच्या डबल ट्रॉल्या ओव्हरटेक करून जायला लागल्या, एका ट्रॅक्टरवाल्यानं तर जाता जाता वाढ्याचा मोळा दाखवून "बांधू का मागं" असं विचारलं.

एकदा गावात पोचल्यावर, गाडी बंद करून, मी तात्यांना विचारलं की तुम्ही त्या काळी साहेबांबरोबर दिवस दिवस जीपमध्ये असायचा, तेव्हा बोलत कसे होता? त्यांनी डबीतनं मशीन काढलं, कानात घातलं, मला परत विचारायला लावलं, आणि म्हणाले, "आमी कुठं बोलत हुतो. सायेब बोलायचा. आमी मान हलवायचो."

जिप्सी घ्यायची ठरवून मी साताऱ्याला गेलो नव्हतो. मामेभावाकडं काम होतं, त्याच्या शेजारचे सुभेदार गाडी काढणार आहेत असं त्यानं सांगितलं, बघू तर म्हणून गेलो. तात्या बरोबर होते. सुभेदार म्हणाले चालवून बघा, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाऊन या. तात्यांनी सवयीनं कानाकडं हात नेला. मी गाडी चालू केली. ते थांबले, म्हणाले, "चालू झाली काय?"

घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी जरा ओरडते, छोटं इंजिन आहे, चढाला त्याला गोळा व्हावं लागतं. पण वर पोचल्यावर सपाटीला लागलो आणि तात्या बोलायला लागले. कशावरनं निघालं आठवत नाही, बहुतेक मी गाडीत लिहिता येत नाही असं काहीतरी म्हटलं असेन. तर म्हणाले, जीपमध्ये मागं बसून नोंदी लिहायच्या म्हणजे हात नाचायचा, आणि सगळ्यात वाईट एक आणि नऊ. एकाची शेपूट हलली की नऊ, नऊचं डोकं पुसलं की एक. एका शेतकऱ्याची १९ गुंठ्यांची नोंद ११ लागली. सीझनला तोडीची चिठ्ठी आली ११ ची, मजूर तेवढा ऊस तोडून पाय धुवून मोकळे, आणि आठ गुंठ्यांचा उभा फड तसाच. तो माणूस कोयता घेऊन आमच्या घरी आला होता. आजीनं त्याला बसवलं, चहा दिला, कोयता उंबऱ्याला टेकवून ठेवायला लावला आणि तात्या मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसले. नंतर साहेबांनी नोंद दुरुस्त करून दिली, आणि तेव्हापासनं तात्या आकड्याशेजारी अक्षरात पण लिहायला लागले. मी ४३ वर्षांचा होतो तेव्हा, आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. उंबऱ्याजवळ फरशीवर एक खाच आहे, तिच्यावरनं मी लहानपणी हजार वेळा गाडी खेळवली असेल. कोयता निसटून पडला होता म्हणे.

परत आलो आणि सुभेदारांना भाव विचारला. मामेभाऊ मागनं डोळे वटारत होता की घासाघीस कर, पण माझी झाली नाही. दहा हजार त्यांनी स्वतःच कमी केले.

आवाज मी मोजलेला नाही हे सांगून ठेवतो, मोबाईलवर तसलं ॲप असतं म्हणे. माझं माप एकच, तात्यांना एक वाक्य किती वेळा म्हणावं लागतं. जीपमध्ये तीन आणि मग काही नाही. जिप्सीत ५० पर्यंत एक, ६० ला दोन. सत्तरीच्या पुढं कापडाचं हूड फडफडायला लागतं आणि मग तिच्यातही काही ऐकू येत नाही, पण सत्तरच्या पुढं मी जातो कशाला. तुमच्या घरी तात्या नसतील, तुम्ही एकटेच फिरणारे असाल, किंवा दोस्तांबरोबर, ज्यांच्याशी सगळं बोलून झालंय असे, तर हे सगळं तुम्हाला लागू नाही, तुम्ही जीप घ्या, आणि आवाजाचा आनंद घ्या, तो आवाज दुसऱ्या कशाला नाही.

घेताना मात्र दोन गोष्टी बघा. जीप बघायला गेलात आणि ती फार चकचकीत असेल तर घाबरा. बऱ्याच जीपा हरियाणाकडं डबवालीला नव्यानं बांधलेल्या असतात, बॉडी नवी, इंजिन भलतीचं आणि कागद तिसरीचे. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या आणि आरसीशी एकेक आकडा लावून बघा, एक आणि नऊ तर विशेष. जिप्सीत लष्कराच्या लिलावातली आहे म्हणून स्वस्तात सांगणारे भेटतात. मलाही एक एजंट भेटला होता, गाडी झकास, भाव झकास, फक्त कागदावर रंग पांढरा आणि समोर गाडी हिरवी. रंगाचं होतं हो सगळं, म्हणाला. मी चहा पिऊन उठलो. जिप्सीचा पुढचा पत्रा आणि पायाखालची जमीन मॅट उचलून बघा, सातारा-महाबळेश्वरकडची गाडी असेल तर गंज धरलेला असतोच, तो किती एवढाच प्रश्न. आणि पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करायचे असतात, नाहीतर फोर बाय फोर लागत नाही, हे विसरू नका. मी चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या खाली चिखलात अर्धा तास फोर बाय फोरचा दांडा ओढून शिव्या देत बसलो होतो, शेवटी एका मेंढपाळानं येऊन विचारलं की पुढची चाकं फिरत कशी नाहीत.

जीप तासगावच्या एका द्राक्षवाल्याला दिली. त्यानं ती चांगली ठेवलीय, लाल रंग दिलाय, मला आवडला नाही पण गाडी आता त्याची. गेल्या रविवारी आष्ट्याच्या अलीकडं समोरनं आली. आधी आवाज, मग ती. मी जिप्सी कडेला घेऊन उभी केली. तात्यांनी मान वळवून ती पार जाईपर्यंत बघितली, हात पण केला, त्या माणसाला कळलं नसणार कशाला केला, आणि तेवढ्यात काहीतरी म्हणाले.

मी म्हटलं, "हां?"

"काय न्हाई," म्हणाले. "चल."